मार्शल प्लॅन: अमेरिकेनं युरोपला नुसते पैसे वाटले, की आणखी काही केलं?

कुठलंही मोठं युद्ध थांबायची चिन्हं दिसू लागली की बातम्यांत एक शब्द हमखास येतो, 'मार्शल प्लॅन'. इराकच्या वेळी आला, अफगाणिस्तानच्या वेळी आला आणि आता युक्रेनच्या निमित्तानं पुन्हा येतोय. नेते भाषणात म्हणतात, 'या देशासाठी नवा मार्शल प्लॅन हवा.' ऐकणारे मान डोलावतात.

सोशल मीडियावर या प्लॅनच्या दोन गोष्टी फिरतात. पहिली गोष्ट अशी की दुसऱ्या महायुद्धात युरोप बेचिराख झाला, अमेरिकेनं मोठ्या मनानं डॉलर ओतले आणि युरोप उभा राहिला. दुसरी गोष्ट बरोबर उलटी. त्यात म्हटलेलं असतं की दानधर्म वगैरे काही नव्हता, अमेरिकेला आपला माल खपवायचा होता आणि रशियाला रोखायचं होतं.

गंमत म्हणजे दोन्ही गोष्टींत बरंचसं खरं आहे. पण ही योजना ज्यामुळं चालली, तोच भाग दोन्हींत सुटतो. तो म्हणजे, पैसा नेमका फिरला कसा?

युद्ध संपलं, भूक संपली नाही

मे १९४५ मध्ये युरोपातलं युद्ध संपलं. शहरं पडली होती, पूल उडवलेले होते, रेल्वेची इंजिनं आणि डबे नष्ट झाले होते, बंदरं गाळानं आणि बुडालेल्या जहाजांनी भरली होती. तरीही सुरुवातीची दीड-दोन वर्षं बरी गेली. रूळ दुरुस्त झाले, पूल बांधले गेले, कारखान्यांची धुराडी पुन्हा धूर सोडू लागली.

मग आला १९४६-४७ चा हिवाळा. कित्येक वर्षांत पडली नव्हती अशी थंडी पडली. नद्या गोठल्या, रेल्वे अडकल्या, खाणीतला कोळसा खाणीच्या तोंडाशीच पडून राहिला. युद्ध जिंकलेल्या ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९४७ मध्ये कारखान्यांची वीज तोडायची वेळ आली. गव्हाचं पीक थंडीत मेलं आणि जे वाचलं त्याला पुढं उन्हाळ्यातल्या दुष्काळानं गाठलं.

ब्रिटनमध्ये युद्धाच्या सहा वर्षांत पावावर रेशन नव्हतं. ते लागलं युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ मध्ये. फ्रान्समध्ये १९४७ च्या शरदात माणशी पावाचं रेशन दिवसाला २०० ग्रॅमवर आलं. जर्मन ताबा असतानाही ते इतकं खाली गेलं नव्हतं. पराभूत जर्मनीत तर ठरलेलं रेशनच दीड हजार कॅलरींच्या आसपास होतं आणि तेवढंही अनेकदा हातात पडत नसे. लोक शहरातून बोचकी घेऊन खेड्यात जायचे आणि घरातल्या वस्तू देऊन बटाटे आणायचे. नोटांवर कुणाचा विश्वास उरला नव्हता, बाजारात सिगारेट हेच चलन झालं होतं.

अडलं कुठं? डॉलरपाशी

युरोपात खाणी होत्या, कारखाने होते, इंजिनियर होते, कामगार होते. मग अडचण काय होती?

अडचण अशी की गहू, कोळसा, कापूस, यंत्रं, तेल या सगळ्या गोष्टी त्या वेळी भरपूर प्रमाणात फक्त अमेरिकेकडे होत्या. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर एकही कारखाना बॉम्बनं पडलेला नव्हता. उलट युद्धात तिचं उत्पादन खूप वाढलेलं होतं. हा माल घ्यायचा तर डॉलर लागत. आणि डॉलर मिळवायचे तर अमेरिकेला काहीतरी विकायला हवं. विकायला माल नाही, कारण कारखाने चालवायला कोळसा आणि कापूस नाही. कोळसा आणि कापूस नाही, कारण डॉलर नाहीत.

या चक्राला त्या काळी 'डॉलरची टंचाई' म्हणत. आपल्याकडच्या वाचकांना १९९१ चं परकीय चलनाचं संकट आठवत असेल. देशात माणसं आहेत, जमीन आहे, पण बाहेरून तेल आणायला डॉलर नाहीत. तेच दुखणं इथं अर्ध्या खंडाला एकाच वेळी जडलं होतं.

आधी पैसे दिलेच नव्हते असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेमार्फत अन्न आणि औषधं गेली होती. १९४६ मध्ये अमेरिकेनं ब्रिटनला ३.७५ अब्ज डॉलरचं कर्ज दिलं. त्यात अट होती की वर्षभरात पौंड खुला करायचा, म्हणजे ज्याच्याकडे पौंड असतील त्याला ते डॉलरमध्ये बदलून मिळाले पाहिजेत. १५ जुलै १९४७ ला ब्रिटननं अट पाळली. सगळे पौंड घेऊन डॉलर मागायला धावले. पाच आठवड्यांत तिजोरीला असं भगदाड पडलं की २० ऑगस्टला ही सोय बंद करावी लागली.

म्हणजे एकेका देशाला वेगवेगळं कर्ज देऊन भागत नव्हतं, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं.

हार्वर्डमधलं छोटंसं भाषण

५ जून १९४७. हार्वर्ड विद्यापीठात पदवीदान होतं. मानद पदवी घ्यायला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल आले होते. महायुद्धात अमेरिकन लष्कराचे प्रमुख तेच होते.

त्यांचं भाषण अगदी थोडक्यात आटोपलं. त्यात ना आकडा होता, ना तारखा. मुद्दे दोनच होते. एक, अमेरिकेचं हे धोरण कुठल्या देशाविरुद्ध नसून भूक, गरिबी, हताशपणा आणि अंदाधुंदी यांच्याविरुद्ध आहे. दोन, योजना अमेरिका आखणार नाही. युरोपातल्या देशांनी एकत्र बसून आपल्याला काय हवं ते ठरवावं, मग अमेरिका हात देईल.

दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा होता. प्रत्येक देशानं वेगवेगळी झोळी घेऊन वॉशिंग्टनला यायचं नाही, तर सगळ्यांनी मिळून एक यादी करायची. कालपर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेल्या, किंवा निदान एकमेकांवर विश्वास नसलेल्या देशांना एका टेबलाशी बसवण्याची ही युक्ती होती.

ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी हे भाषण रेडिओवर ऐकलं आणि लगेच फ्रान्सशी संपर्क साधला. तीन आठवड्यांत पॅरिसमध्ये बैठक बसली.

योजनेला ट्रूमन यांचं नाव का नाही, हाही प्रश्न अनेकांना पडतो. त्या वेळी अमेरिकन काँग्रेस विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या ताब्यात होती आणि १९४८ ला निवडणूक होती. अध्यक्ष ट्रूमन यांना पक्कं माहीत होतं की आपल्या नावाची योजना तिथं पास होणं कठीण. मार्शल यांच्याबद्दल मात्र दोन्ही पक्षांत आदर होता. म्हणून नाव मार्शल यांचं राहिलं.

मोलोतोव्ह उठून गेले

पॅरिसच्या बैठकीला सोव्हिएत रशियालाही बोलावलं होतं. परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह मोठा ताफा घेऊन आले. त्यांचं म्हणणं होतं की प्रत्येक देशानं आपापली गरज सांगावी आणि अमेरिकेनं पैसे द्यावेत. सगळ्यांनी मिळून योजना करायची म्हणजे आपल्या अर्थव्यवस्थेची वही दुसऱ्यापुढं उघडायची, आणि ते स्टालिन यांना मान्य होणं शक्य नव्हतं. २ जुलैला मोलोतोव्ह बैठक सोडून गेले.

पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाला योजनेत यायचं होतं. चेकोस्लोव्हाकियानं तर निमंत्रण स्वीकारलंही होतं. पण मॉस्कोहून डोळे वटारले गेले आणि त्यांनी माघार घेतली. युरोपाची पुढची चाळीस वर्षांची फाळणी कुठल्या एका क्षणी पक्की झाली असं दाखवायचं असेल, तर १९४७ चा तो जुलै महिना दाखवावा लागेल.

शेवटी १६ देश उरले. त्यात ब्रिटन, फ्रान्स, इटली, नेदरलँड्स होते, तसे तुर्कस्तान आणि आइसलँडही होते. पश्चिम जर्मनी नंतर आली. फ्रँको यांची हुकूमशाही असलेल्या स्पेनला बाहेर ठेवलं गेलं. त्यावर १९५३ मध्ये बेर्लांगा या दिग्दर्शकानं 'वेलकम मिस्टर मार्शल' हा विनोदी सिनेमा काढला. त्यात एक गरीब स्पॅनिश गाव अमेरिकन पाहुण्यांसाठी नटूनथटून उभं राहतं आणि पाहुण्यांच्या गाड्या न थांबता धुरळा उडवत निघून जातात.

अमेरिकन खासदार तयार कसे झाले?

आपल्या करदात्यांचा पैसा परक्या देशांना का द्यायचा? हा प्रश्न अमेरिकेत तेव्हाही विचारला गेला. मिशिगनचे रिपब्लिकन सिनेटर आर्थर व्हँडनबर्ग यांनी विरोधी पक्षात असून योजनेची बाजू लावून धरली. शेतकरी संघटना, कामगार संघटना, उद्योगपती यांना समित्यांपुढं बोलावून त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं. प्रत्येकाला त्यात आपला फायदा दिसत होता. गव्हाला, तंबाखूला, यंत्रांना गिऱ्हाईक मिळणार होतं.

तरीही खरा धक्का बाहेरून बसला. फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी चेकोस्लोव्हाकियाची सत्ता पूर्णपणे ताब्यात घेतली. त्यानंतर काही आठवड्यांतच सिनेटनं ६९ विरुद्ध १७ मतांनी योजना मंजूर केली. ३ एप्रिल १९४८ ला ट्रूमन यांनी कायद्यावर सही केली आणि दोन आठवडे व्हायच्या आत टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरातून गव्हानं भरलेलं जहाज फ्रान्सच्या दिशेनं निघालं.

योजना चालवायला परराष्ट्र खात्याबाहेर एक स्वतंत्र संस्था काढली. तिच्या प्रमुखपदी राजकारणी बसवला नाही. स्टुडबेकर या मोटार कंपनीचे अध्यक्ष पॉल हॉफमन यांना आणलं.

पैसा नेमका फिरला कसा?

आता मुख्य मुद्दा. लोकांना वाटतं की अमेरिकेनं डॉलरच्या थैल्या युरोपच्या सरकारांना दिल्या. तसं झालं नाही. बहुतेक वेळा डॉलर अमेरिकेबाहेर गेलेच नाहीत.

एक साधं उदाहरण घेऊ. समजा फ्रान्समधल्या एका शेतकऱ्याला अमेरिकन ट्रॅक्टर हवा आहे. त्याच्याकडे फ्रँक आहेत, पण अमेरिकन कंपनी फ्रँक घेणार नाही. तर व्हायचं असं:

१. फ्रान्स सरकार ट्रॅक्टरची मागणी योजनेच्या कार्यालयाकडे पाठवायचं. तिथं ती तपासून मंजूर व्हायची.

२. ट्रॅक्टर बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीला अमेरिकन सरकार डॉलरमध्ये पैसे द्यायचं. म्हणजे डॉलर अमेरिकेतच राहिले.

३. ट्रॅक्टर जहाजानं फ्रान्सला पोचायचा. शेतकऱ्याला तो फुकट मिळत नसे. तो त्याची किंमत फ्रँकमध्ये मोजायचा.

४. हे फ्रँक अमेरिकेला जात नसत. ते फ्रान्सच्याच मध्यवर्ती बँकेत एका वेगळ्या खात्यात जमा व्हायचे.

या वेगळ्या खात्यातच सगळी करामत होती. त्यातली ५ टक्के रक्कम अमेरिकेच्या खर्चासाठी बाजूला पडायची. उरलेली ९५ टक्के रक्कम फ्रान्सची, पण ती कशावर खर्च करायची याला अमेरिकेची संमती लागायची.

म्हणजे एकच डॉलर दोन कामं करायचा. पहिल्यांदा त्यानं ट्रॅक्टर आणला. दुसऱ्यांदा त्याच ट्रॅक्टरच्या किमतीतून धरण, रेल्वे किंवा वीजकेंद्र उभं राहिलं. शिवाय शेतकऱ्यानं पैसे मोजलेले असल्यामुळं ज्याला खरंच ट्रॅक्टर हवा तोच मागणी करायचा.

सगळं मिळून १९४८ ते १९५२ या काळात सुमारे १३ अब्ज डॉलरची मदत झाली. त्यातली जवळपास ९० टक्के परत न करायची होती, बाकीचं कर्ज. सगळ्यात मोठा वाटा ब्रिटनचा होता, ३ अब्ज डॉलरहून थोडा जास्त. मग फ्रान्स सुमारे २.७ अब्ज, इटली सुमारे दीड अब्ज आणि पश्चिम जर्मनी सुमारे १.४ अब्ज. सुरुवातीला अन्नधान्य, चारा आणि खतं जास्त गेली. पोटाचं भागल्यावर कच्चा माल, इंधन आणि यंत्रं यांचं प्रमाण वाढलं.

त्या वेगळ्या खात्यांचं काय झालं?

प्रत्येक देशानं हा पैसा वेगळ्या तऱ्हेनं वापरला.

ब्रिटननं त्यातला बहुतेक पैसा सरकारी कर्ज फेडायला वापरला. फ्रान्सनं तो जाँ मोने यांच्या आधुनिकीकरण योजनेत घातला. कोळसा, वीज, रेल्वे यांवर भर दिला. ऱ्होन नदीवरचा डोंझेर-मोंड्रागोन हा मोठा जलविद्युत प्रकल्प त्यातूनच झाला. ऑस्ट्रियात आल्प्समधलं काप्रूनचं धरण या पैशातून पूर्ण झालं. त्याचं काम नाझींच्या काळात वेठबिगारांकडून सुरू करवून घेतलं गेलं होतं.

जर्मनीनं मात्र वेगळीच वाट धरली. तिनं हा पैसा वाटून टाकला नाही, कर्जानं दिला. खाण दुरुस्त करायला, घरं बांधायला, छोटा कारखाना उभारायला कर्ज द्यायचं, ते व्याजासह परत आलं की पुढच्याला द्यायचं. आपल्याकडच्या बचत गटाचा पैसा जसा फिरता राहतो, तसाच. यासाठी १९४८ मध्ये फ्रँकफर्टला एक बँक काढली. तिच्या नावाचा अर्थच 'पुनर्बांधणीसाठीची पतसंस्था' असा होतो. जर्मन नावाच्या आद्याक्षरांवरून तिला केएफडब्ल्यू म्हणतात.

ही बँक आजही आहे आणि जगातल्या मोठ्या विकास बँकांमध्ये तिची गणती होते. नागपूर मेट्रोसाठी २०१६ मध्ये ५० कोटी युरोचं कर्ज देणारी बँक हीच. आता ती बाजारातून पैसा उभारते, त्यामुळं नागपूरला आलेला पैसा मार्शल प्लॅनचा होता असं म्हणता येणार नाही. पण १९४८ च्या भुकेल्या जर्मनीला उभं करायला काढलेली संस्था सत्तर वर्षांनी विदर्भात मेट्रोला हातभार लावते, एवढं मात्र खरं.

मग अटी नव्हत्या का?

होत्या, आणि बऱ्याच होत्या. निम्मा माल अमेरिकन जहाजांतूनच न्यायचा. सरकारी खर्च आवरायचा, चलन स्थिर करायचं, शेजाऱ्यांशी व्यापारातले अडथळे कमी करायचे. खात्यातला पैसा काढायला संमती लागत असल्यामुळं अमेरिकेच्या हातात लगाम राहायचा.

राजकारणही होतं. एप्रिल १९४८ मध्ये इटलीत निवडणूक होती. कम्युनिस्ट जिंकले तर मदत बंद होईल, हे इटलीच्या मतदारांना आधीच स्पष्टपणे सांगितलं गेलं होतं. आणि अमेरिकेच्या वाट्याच्या त्या ५ टक्के रकमेतला काही भाग गुप्तचर कारवायांकडे वळला, हेही पुढं उघड झालं.

पण एक अट अशी होती जिनं युरोपचं भलं केलं. मदतीची वाटणी करायला १६ देशांना एकत्र संस्था काढावी लागली. एप्रिल १९४८ मध्ये ती स्थापन झाली. एकमेकांचे आकडे तपासायचे, भांडायचं, पण शेवटी एका कागदावर सही करायची, ही सवय तिथं लागली. १९५० मध्ये आपसातल्या व्यापाराचा हिशेब मिटवायची सामायिक व्यवस्था सुरू झाली, त्यामुळं प्रत्येक सौद्याला डॉलर लागणं बंद झालं. तीच संस्था १९६१ मध्ये ओईसीडी झाली.

आशियाच्या बाजूनं बघितलं तर

युरोपच्या या गोष्टीत एक भाग फारसा सांगितला जात नाही. मदत घेणाऱ्यांपैकी काही देश त्याच वेळी आशियात वसाहती टिकवण्यासाठी लढत होते.

नेदरलँड्सचंच बघा. एकीकडे मार्शल प्लॅनचा गहू घरी येत होता आणि दुसरीकडे इंडोनेशियाचं स्वातंत्र्य चिरडायला सैन्य पाठवलं जात होतं. डिसेंबर १९४८ मध्ये डच फौजांनी पुन्हा हल्ला चढवून इंडोनेशियाच्या नेत्यांना पकडलं. जगभरातून आवाज उठला. जानेवारी १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी दिल्लीत खास परिषद बोलावली. अमेरिकन सिनेटमध्येही प्रश्न आला की आपल्या पैशावर हे युद्ध चाललंय का? अमेरिकेनं डच ईस्ट इंडिजच्या नावानं जाणारी मदत रोखली आणि नेदरलँड्सचीही थांबवू असा इशारा दिला गेला. त्या वर्षाच्या अखेरीस, २७ डिसेंबर १९४९ ला डचांनी इंडोनेशियाची सत्ता सोडली. याला इंडोनेशियन लोकांचा लढा हेच मुख्य कारण होतं. पण मदतीचा नळ बंद होण्याच्या धाकानंही काम केलं.

भारताचा संबंध आणखी वेगळा आहे. युद्धकाळात भारतानं ब्रिटनला माल, धान्य आणि सेवा पुरवल्या. त्याचे पैसे रोख मिळाले नाहीत, ते लंडनमध्ये भारताच्या नावावर लिहून ठेवले गेले. युद्ध संपलं तेव्हा ही रक्कम १ अब्ज पौंडांहून जास्त होती. म्हणजे मार्शल प्लॅनमधला सगळ्यात मोठा लाभार्थी भारताचा कर्जदार होता. आणि नव्यानं स्वतंत्र झालेल्या, फाळणी आणि निर्वासितांचं ओझं वाहणाऱ्या भारताला आपलेच पैसे हवे तेव्हा काढता येत नव्हते. ते हप्त्याहप्त्यानं, वाटाघाटी करून सोडवावे लागले.

भारतासाठी कुणी मार्शल प्लॅन आणला नाही. १९५१ मध्ये धान्याची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेनं १९ कोटी डॉलरचा गहू दिला, तोही कर्जानं. पुढं पीएल ४८० योजनेत गहू आला, तेव्हा तीच वेगळ्या खात्याची पद्धत वापरली गेली. गव्हाची किंमत भारत रुपयांत जमा करायचा. हे रुपये इतके साचले की त्यांचं करायचं काय, हा दोन्ही सरकारांपुढं प्रश्न पडला. शेवटी फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत डॅनियल मोयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा चेक भारत सरकारच्या हाती देऊन त्यातला मोठा हिशेब मिटवला.

युरोप या पैशामुळंच उभा राहिला का?

१९५१ पर्यंत पश्चिम युरोपचं औद्योगिक उत्पादन युद्धाआधीच्या पातळीपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी वाढलं होतं. हे आकडे बघून सगळं श्रेय मार्शल प्लॅनला दिलं जातं. अभ्यासकांचं मात्र यावर एकमत नाही.

ब्रिटिश इतिहासकार अॅलन मिलवर्ड यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की मदतीचं पहिलं जहाज निघण्याआधीच बहुतेक देशांत उत्पादन जोरात वाढू लागलं होतं. उलट कारखाने वेगानं उभे राहत होते म्हणूनच अमेरिकन यंत्रांची मागणी वाढली आणि डॉलर कमी पडले. शिवाय मदतीची रक्कम ऐकायला मोठी असली तरी घेणाऱ्या देशांच्या एकत्रित उत्पन्नाच्या ती वर्षाला अडीच टक्क्यांच्या आसपासच होती. तेवढ्यानं खंड उभा राहत नाही.

मग पैशानं केलं काय? ब्रॅडफोर्ड डीलाँग आणि बॅरी आयकेनग्रीन या अर्थतज्ज्ञांचं म्हणणं असं की खरा परिणाम धोरणांवर झाला. रेशन आणखी कापलं असतं तर संप पेटले असते, सरकारं पडली असती, नाहीतर नोटा छापून वेळ मारून न्यावी लागली असती. मदतीमुळं सरकारांना श्वास घ्यायला दोन-तीन वर्षं मिळाली. तेवढ्या अवधीत त्यांनी चलन स्थिर केलं, बाजार खुले केले आणि कामगारांशी तडजोडी केल्या.

चालत्या बैलगाडीचं चाक खड्ड्यात रुततं तेव्हा एक दणकट रेटा लागतो. गाडी, बैल आणि गाडीवान आधीपासून असावे लागतात.

आणखी एक गोष्ट पैशाइतकीच मोठी होती. पहिल्या महायुद्धानंतर जिंकलेल्यांनी जर्मनीवर १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई लादली होती. त्यातून आलेली चीड आणि नंतरच्या मंदीतली बेकारी हिटलरच्या पथ्यावर पडली. या वेळी पश्चिम जर्मनीला योजनेत घेतलं गेलं आणि १९५३ मध्ये लंडनच्या करारात तिचं जुनं कर्ज जवळपास निम्म्यानं कमी केलं गेलं. तिकडं सोव्हिएत रशिया मात्र आपल्या ताब्यातल्या पूर्व जर्मनीतून कारखाने उचकटून नेत होता. एकाच देशाच्या दोन तुकड्यांना दोन वेगळे औषधोपचार झाले आणि त्याचे परिणाम पुढची चाळीस वर्षं बर्लिनच्या दोन भागांत दिसत राहिले.

हाच प्रयोग अफगाणिस्तानात का फसला?

जुलै २०१४ मध्ये अफगाणिस्तानातल्या खर्चावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकन सरकारी यंत्रणेनं एक आकडा जाहीर केला. महागाई धरून हिशेब केला तर अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीसाठी मंजूर झालेली रक्कम १०९ अब्ज डॉलरवर गेली होती, आणि मार्शल प्लॅनची सुमारे १०३ अब्ज. म्हणजे एकट्या देशावर १६ देशांपेक्षा जास्त पैसा. तरी ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलचं सरकार काही दिवसांत कोसळलं.

फरक कुठं पडला? युरोपात युद्ध खरोखर संपलेलं होतं, अफगाणिस्तानात ते चालूच होतं. खुद्द मार्शल प्लॅनमध्येही याचा पुरावा आहे. ग्रीसमध्ये १९४९ पर्यंत यादवी युद्ध चालू होतं, त्यामुळं तिथली बरीच मदत निर्वासितांना पोसण्यात आणि लढाई निभावण्यात गेली आणि विकासाची कामं मागं पडली.

दुसरं म्हणजे युरोपात इमारती पडल्या होत्या, पण संस्था शिल्लक होत्या. कर गोळा करणारे कारकून, निकाल देणारी न्यायालयं, जमिनीच्या नोंदी, बँका, वीजघर चालवणारे इंजिनियर. म्हणून त्याला पुनर्बांधणी म्हणता आलं. जिथं मुळात हे सगळं नव्यानं घडवायचं असतं, तिथं चार वर्षांत आणि नुसत्या पैशानं काम होत नाही.

तिसरं म्हणजे यादी युरोपनं स्वतः केली होती. काय हवं हे वॉशिंग्टनमध्ये बसून कुणी ठरवलं नाही. अफगाणिस्तानात अनेकदा पैसा आधी मंजूर व्हायचा आणि तो खपवायला कामं शोधली जायची.

आणि चौथं म्हणजे मुदत. चार वर्षांत योजना संपणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटल्यावर पैसा शस्त्रांकडे वळला आणि १९५१ च्या अखेरीस योजनेची संस्था ठरल्याच्या थोडं आधीच गुंडाळली गेली. तोवर युरोप स्वतःच्या पायावर चालू लागला होता. लष्कराच्या या माजी प्रमुखाला, मार्शल यांना, १९५३ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं.

आता युक्रेनचं काय?

जागतिक बँक आणि तिच्या सोबतच्या संस्थांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये अंदाज दिला की युक्रेन पुन्हा उभा करायला दहा वर्षांत ५२४ अब्ज डॉलर लागतील. आकडा डोळे दिपवणारा आहे आणि पुढची सगळी चर्चा त्या आकड्याभोवतीच फिरेल.

पण १९४८ कडून शिकायचं असेल तर आधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. लढाई खरंच थांबली आहे का? कामांची यादी कोण करतंय, देणारा की घेणारा? पैसा वस्तूंच्या रूपात येऊन पुन्हा देशातच फिरणार आहे, की ठेकेदारांच्या बिलांतून आल्या वाटेनं परत जाणार आहे? शेजारच्या देशांना बाजार उघडायची तयारी आहे का? आणि जुन्या कर्जाचं ओझं कुणी हलकं करणार आहे का?

पुढच्या वेळी कुणी 'मार्शल प्लॅन' हा शब्द उच्चारला, तर आकडा ऐकून थांबायचं नाही. ही एवढी पाच उत्तरं मागायची.